आसरांच्या बारवेतल्या पाकोळ्या

शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात जुनी दगडी बारव होती. तिच्यात साती आसरा राहतात आणि उतरेल त्याला पाण्यात ओढतात, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. बायका वरूनच ओटी टाकत आणि मागे न बघता घरची वाट धरत. खाली कमानींच्या अंधारात हजारो पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, बिनघोर नांदत होत्या.

नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या चंद्रप्रभाबाई त्या पाकोळ्यांच्याच मागावर आल्या. इथल्या पाकोळ्या कोकणातल्या भाऊबंदांपासून कधी आणि कशा वेगळ्या पडल्या, हा त्यांचा अभ्यास. उन्हाळ्यात माद्या पिल्लं घालायला इथंच जमत. एवढी मोठी वसाहत बाईंना दुसरीकडे कुठं सापडली नव्हती.

"नका उतरू बाई, आसरा धरत्याल," निवद घेऊन आलेल्या केवळाबाई म्हणाल्या.

"मला धरून काय करतील मावशी? पेपर तपासायला बसवतील."

बाई उतरल्या आणि धडधाकट वर आल्या. पण शिकवायची खोड जाते कुठं? शाळेच्या पटांगणात गाव गोळा करून त्यांनी समजावलं, की खाली आसराबिसरा कोणी नाही, फडफड पाकोळ्यांची आणि वासही त्यांच्याच लेंड्यांचा. त्या पिकावरचे किडे खातात, त्यांना जपा. गावानं टाळ्या वाजवल्या. पहिलं बोलणं मनात बसलं, शेवटचं वाऱ्यावर गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात सरपंच भुजंगरावांचा फोन आला. सत्कार होता बाईंचा.

बारवेतला गाळ निघाला होता. कमानींना चुना लागला होता, कोपऱ्याकोपऱ्यात दिवे होते आणि पोरं पाण्यात सूर मारत होती.

"पाकोळ्या?" बाईंनी विचारलं.

"धूर दिला की गेल्या. पिल्लं तेवढी राहिली, ती टोपल्यानं भरून टाकली," भुजंगराव म्हणाले. "तुमच्यामुळं गावाची भीती गेली बघा, मॅडम."

शाल आली, नारळ आला. दोन शब्द बोला म्हटल्यावर बाई आभार मानून खाली बसल्या.

निघताना त्यांनी केवळाबाईंना बाजूला घेतलं. "मावशी, पुन्हा सांगा ना गावाला, आसरा आहेत म्हणून. दिवे तरी काढतील."

केवळाबाई हसल्या. "आता कोणत्या तोंडानं सांगू? मीच रोज उतरायलेय. जन्म गेला वरून बघण्यात. पाणी लई गार हाय, बाई. चला की, पाय धुवा."

नाही म्हणवेना. शाल काखेत धरून बाई त्यांच्या मागून पायऱ्या उतरल्या आणि कमानींकडे न बघता पाण्यात पाय सोडून बसल्या.