अबोली बगळा

"हा पांढरा नाई, अबोली हाय," असं बायको म्हणाली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्या वर्षी उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी हे इतकं ऐकलं, की तिने तोंड उघडायच्या आधीच मी "माहीत आहे" म्हणून मोकळा व्हायचो. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. भिंतीवर पडलेला तो ठिपका मला स्वच्छ पांढरा दिसत होता.

कुरखेड्याजवळच्या एका गावात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाच्या मांडवांना आणि नाटकांना मी लाईटही भाड्याने देतो. गाव बायकोचं माहेर. इथले लोक तळ्यात मासे धरतात आणि धान लावतात. मी मूळचा बल्लारपूरचा. एकदा चंद्रपूरला एका लग्नात भिंतीवर फुलं काढणारा लेझर पाहिला, नुसता हिरवा, आणि डोक्यात किडा शिरला की आपण असा बनवायचा, पण सगळ्या रंगांचा. तयार मशीन विकत मिळते हे मला ठाऊक होतं. तरी गावातल्या प्रत्येकाने ते मला एकदा तरी सांगितलंच.

सांगायला काम सोपं आहे. तीन लेझर घ्यायचे, लाल, हिरवा आणि निळा. काही काचा अशा मिळतात की त्या एक रंग आरपार सोडतात आणि दुसरा परतवतात. त्या नीट तिरप्या बसवल्या की तिन्ही किरण एकावर एक येऊन त्यांचा एकच किरण होतो. तो पुढे दोन इवल्याशा आरशांवर पडतो. हे आरसे मोटारीवर इतक्या जोरात थरथरतात की भिंतीवर पळणारा ठिपका आपल्याला रेघ वाटतो, आणि रेघांचं चित्र होतं. चाब्या फिरवून तिन्ही रंग कमीजास्त केले की पाहिजे तो रंग मिळतो. ते बरोबर प्रमाणात एकत्र आले की पांढरा. बस, एवढंच. या एवढ्याशाने माझ्या नाकी नऊ आणले.

पहिल्यांदा मी काचा ग्लू गनने चिकटवल्या. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात ते कदाचित चाललंही असतं. इथे मे महिना, आणि माझं दुकान टिनाचं. सकाळी थंड वेळेत मी तिन्ही ठिपके एकावर एक आणून ठेवायचो आणि समाधानाने जेवायला जायचो. परत यावं तर लाल वर छताकडे गेलेला, निळा कोपऱ्यातल्या पोत्यावर, आणि हिरवा एकटा जागेवर. आधी मी माल पाठवणाऱ्या दुकानदाराला शिव्या दिल्या, मग व्होल्टेजला, मग उंदरांना. दुपारच्या उकाड्यात ग्लू मऊ होऊन काचा मान टाकतात, हे माझ्या लक्षात यायला पाऊस लागायची वेळ आली. मग भंगारातून ॲल्युमिनियमची जाड पाटी आणली, तिला भोकं पाडली, स्क्रूखाली जुन्या पेनांच्या स्प्रिंगा घातल्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एवढं होईतो लाल लेझर जळला. तो मीच जाळला. मला त्याचा उजेड कमी वाटत होता म्हणून मी करंट वाढवत गेलो, आणि एका संध्याकाळी तो विझायला आलेल्या टॉर्चसारखा झाला. नवा येईपर्यंत मी पेटीला रंग दिला. तपकिरी म्हणून दिला. बायकोने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा उरलेला हिरवा रंग होता.

आता मूळ गोष्ट सांगितलीच पाहिजे. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. लाल तर मला फार मंद दिसतो. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि टमाटर घेताना भाजीवाल्या बाया माझी गंमतही करतात. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते बाबांचं.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. इंजिनात दोघं असतात, आणि तिथली एक रीत आहे. पुढचा सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने स्वतः पाहून तोच रंग पुन्हा म्हणायचा. दुसऱ्याने म्हटल्याशिवाय पहिल्याचं म्हणणं पुरं होत नाही. ही सवय बाबा घरी घेऊन यायचे. मला सायकलच्या दांडीवर बसवून रुळाच्या कडेने नेताना सिग्नल दिसला की म्हणायचे, "हिरवा." मी पाठोपाठ ओरडायचो, "हिरवा." खांबावरचा कुठला दिवा लागलाय ते पाहून मी सांगत होतो. सगळे तसंच करतात असं मला वाटायचं. आपला मुलगा आपल्यामागे इंजिनात चढणार, हे बाबांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पुढे भरतीच्या वेळी डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. त्यात आकडे लपलेले असतात म्हणे. मला नुसते ठिपके दिसले. बाहेर बाकावर बाबा बसले होते. मी सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि चहा घेऊ म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासमोर कुठल्याही रंगाचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. माझ्या लग्नात सदरा निवडतानासुद्धा बोटाने दाखवून "तो घे" म्हणाले. ते रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर परवडलं असतं. त्यांच्या त्या जपण्याचा मला संताप यायचा आणि आजही येतो. मशीन मी कुणासाठी बनवत होतो, हे बायकोने कधीच ओळखलं होतं. मला माझ्या हाताने तीन रंग जुळवून पांढरा काढायचा होता आणि तो बाबांना दाखवायचा होता.

त्यातच माझं घोडं अडलं. मी तिन्ही किरण भिंतीवर शेजारीशेजारी पाडून माझ्या नजरेने सारखे केले. मला लाल मंद दिसतो, म्हणून माझ्या हिशेबात सारखा झालेला लाल इतरांसाठी भलताच जास्त व्हायचा. मग तिन्ही एकत्र केले की मला पांढरा, आणि बायकोला अबोली. कधी डाळिंबी. एकदा "आता जरा बरा, फिक्का गुलाबी" असं म्हणून तिने मला धीरही दिला. साड्यांच्या दुकानात शिकलेली ही नावं तिच्या तोंडून सरसर यायची आणि मी चिडत जायचो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावं, तर लेझरच्या उजेडाने त्याचेच डोळे दिपायचे.

ती म्हणाली, "मी बसतो ना बाजूले. मी सांगीन तशी चाबी फिरवा. दोन मिन्टाचं काम हाय."

मी नाही म्हणालो. मशीन माझी आणि पांढरा तिचा, असं मला नको होतं. जो रंग मला दिसतच नाही तो मी कसला बनवला, असं कुणी विचारलं तर? कुणी विचारणार नव्हतं. मीच स्वतःला विचारत होतो. शेवटी तीही वैतागली. यापुढे मला रंगाचं काही विचारू नका, असं तिने बजावलं, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई आहे.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसभर दुकानं, नाच, पाहुणे, आणि रात्री जेवणं उरकल्यावर नाटक. नाटकाआधी, अंधार पडता पडता, माझा लेझर दाखवायचा असं मंडईच्या मंडळींनी कबूल केलं होतं. मी बाबांना बोलावलं. ते बल्लारपूरहून वडशापर्यंत गाडीने आले. या लाईनवर त्यांनी स्वतः गाड्या चालवलेल्या. तिथून पुढे एसटीने. घरी आल्यावर त्यांनी माझी पेटी पाहिली, वरून हात फिरवला, मजबूत आहे म्हणाले. तिच्या रंगाबद्दल अक्षर काढलं नाही.

तळ्याच्या पाळीवर बांबू रोवून मी उंच पांढरा कपडा ताणला. किरण लोकांच्या डोक्यांवरून जाईल अशी पेटी मचाणावर चढवली, कारण लेझर डोळ्यात गेला तर खेळ नाही. दोऱ्या बांधून पुढे जायची वाट बंद केली. हवेत किरण दिसावा म्हणून धानाच्या कोंड्याची धुरी केली. सुरू करून पाहतो तर तिन्ही रंग पुन्हा फाकलेले. दुकानात टिनाखाली तापलेल्या पाटीवर जुळवलेलं सगळं त्या थंडीत सरकलं होतं. मी मचाणावर उकिडवा बसून, बोटं बधिर झालेली असताना, एकेक स्क्रू फिरवत बसलो. खालून कुणी ना कुणी विचारत होतं, "झालं का जी?" ते मी जुळवलं. जागा जुळवणं मला जमतं. मग रंगांच्या चाब्या माझ्या नजरेने लावल्या. बायको मचाणाजवळ येऊन कपड्याकडे पाहत होती. ओठ घट्ट मिटून ती निघून गेली.

आधी मासा आला. मग कमळ. मग गावाचं नाव, आणि त्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटचं चित्र बगळ्याचं होतं. ते मी मुद्दाम ठेवलं होतं. तळ्यावरच्या लोकांना बगळा सांगावा लागत नाही, रोज तो त्यांच्या जाळ्याशेजारी उभा असतो. आणि बगळा पांढरा असतो, हे मलाही माहीत आहे.

बगळा पंख पसरून कपड्यावर आला, आणि हसू फुटलं. आधी बायकांमध्ये, मग सगळीकडे. बायकोचे काका, आयुष्यभर त्या तळ्यात मासे धरलेले, मोठ्याने म्हणाले, "लग्नाले निंगाला वाटते हा. शालू नेसून राह्यला." त्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या कानशिलांत रक्त चढलं. बटण बंद करून पेटी तळ्यात फेकावी असं वाटलं. माझा हात बटणावर गेलाही होता.

तेवढ्यात मचाण हललं. बाबा या वयात बांबूला धरून वर चढत होते. वर आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता समोर कपड्याकडे पाहत म्हणाले,

"लाल जास्त हाय."

त्यांच्या तोंडून रंगाचं नाव ऐकून किती वर्षं झाली होती! ते वाट पाहत थांबले.

"लाल जास्त," मी म्हणालो.

"उतरव."

मी चाबी थोडी फिरवली. ते पुन्हा लाल म्हणाले, मी पुन्हा लाल म्हणालो, आणखी फिरवली. मग "हिरवा थोडा कमी." "हिरवा थोडा कमी." खालचं हसू हळूहळू ओसरलं. कुणीतरी "आता आला, आता आला" म्हणालं. गर्दीत बायको पदर सावरत उभी होती आणि हसत नव्हती.

"पांढरा," बाबा म्हणाले.

मी कपड्याकडे पाहिलं. मघाचाच बगळा होता. तोच पंख, तीच मान. जरा मंद झाला असेल एवढंच, बाकी रंगात काडीचा फरक नव्हता. एवढे महिने ज्याच्यासाठी हाडाची काडं केली तो पांढरा समोर होता, आणि तो आला हे मला कुणीतरी सांगावं लागत होतं. मला रडू आलं आणि रागही आला. नजर कपड्यावर ठेवून बाबा तसेच थांबले होते. दुसऱ्याने म्हटल्याशिवाय इंजिनात कुणी पुढे जात नाही.

"पांढरा," मी म्हणालो.