कोलंबी सोलता सोलता विज्ञान

रोडपालीच्या माझ्या घरमालकीण काकींना एखादी गोष्ट समजावून सांगणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. विमा एजंट, सोसायटीचा सेक्रेटरी, खुद्द काका, सगळे हात टेकून परत गेले. मी तेव्हा पनवेलला एमएस्सी करत होते, विषय सूक्ष्मजीव, राहायला काकींच्या वरची खोली. आमच्या सरांनी फर्मान काढलं होतं, की आपलं संशोधन विज्ञान न शिकलेल्या एका तरी माणसाला समजावा, मगच परीक्षकांसमोर उभे राहा. मला वाटलं, त्यात काय, काकी आहेतच की खाली! कुठून अवदसा आठवली होती देव जाणे.

काकी रिकाम्या हातांनी काही ऐकतच नसत. "बस गो बाय, जरा कोलंबी सोल," म्हणून परात माझ्याकडे सरकवायच्या, आणि परात रिकामी झाली की माझं व्याख्यानही संपलं असं समजून उठायच्या. मी वाक्याच्या मध्यात असले तर ती माझी डोकेदुखी. बरं, ऐकायच्या तेही सरळ नाही. मी 'जंतू' म्हटलं रे म्हटलं, की "त्यांचा गाव कंचा?" अहो काकी, त्यांना गाव नसतं. "गाव नाय? मंग रातान कुठं?" पोटात, मातीत, पाण्यात, मिळेल तिथे, असं मी दात ओठ खात सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हंजे भाडोत्रीच, तुज्यासारके." औषधाला न जुमानणारे जंतू हा माझा खास विषय. त्यावर त्यांना लगेच धाकटा दीर आठवला आणि उरलेली परात दिराच्या उद्योगांत गेली. शेवटी मी रात्रंदिवस खपून एक रंगीत तक्ता केला. दुसऱ्या दिवशी पाहते तर तो धुतलेल्या कोलंबीखाली अंथरलेला. "कागद चांगला हाय तुजा. पानी लगेच वडतो."

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा बिस्किटांचा डबा. त्यात बिस्किटं नव्हती, डॉक्टरांनी दिलेल्या आणि बरं वाटताच सोडून दिलेल्या गोळ्या होत्या, घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्यासुद्धा. कुणी खोकलं की काकी डबा उघडणार आणि रंगावरून औषध ठरवणार. "ताप हाय? पिवली घे." उरलेल्या गोळ्या अशा मनानं खाऊ नयेत म्हणून मी वर बसून प्रबंध लिहीत होते आणि खाली माझ्या प्रबंधाचं रोज श्राद्ध चाललं होतं!

मग एकदा खेकडे साफ करताना एक नांगा काकींच्या पायावर पडला आणि रुतला. त्यात त्यांना साखरेचा आजार. पाय सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, पूर्ण घ्या, नाहीतर पाय हातचा जाईल. तिसऱ्या दिवशी सूज जरा उतरली आणि उरलेलं पाकीट गेलं डब्यात. मी धावत खाली गेले. जंतू कसे वाढतात, थोडे उरले तर काय होतं, सगळं सांगितलं. काकी लसूण निवडत म्हणाल्या, "पन मना आता बरा वाटतंय ना." माझं डोकंच फिरलं. "मरू देत ते जंतू! काकी, तुमचा पाय कापावा लागला तर? मला भीती वाटतेय!" आणि मी चक्क रडायला लागले.

काकींचे हात थांबले. मी बोलत असताना ते पहिल्यांदाच थांबले होते. "तुला भीती वाटते? मंग आदी नाय सांगाचा? त्यांचा खानदान कशाला सांगत बसलीस?" त्यांनी डबा ओढला आणि माझ्यासमोर गोळी गिळली. पुढे पाय बरा झाला. परीक्षेत मी तक्ते बाजूला ठेवून तो पायच सांगितला आणि पास झाले.

आता मी पुण्यात असते, सभागृहांतून लोकांना हाच विषय सांगते. श्रोते फार सभ्य. मान डोलावतात, टाळ्या वाजवतात, जंतूंचं गाव कुणी विचारत नाही. अशा वेळी मला त्या परातीची फार आठवण येते. परवा भाषण ऐन रंगात आलं असताना काकींचा फोन आला. त्यांची दाढ दुखत होती म्हणून गोळ्या चालू होत्या, एवढं मला ठाऊक होतं. मी लोकांची माफी मागून फोन घेतला.

"आज शेवटची घेतली गो," काकी म्हणाल्या. "आता नाय ना वाटत भीती?"