जीपला ट्रॅक्टरचा फिल्टर

आमची जीप सुरू व्हायची त्या दिवसांत निमोण्यात कुणाला गजर लावायची गरज नव्हती. किल्ली फिरवली, की पितळी घागरीत मूठभर खिळे टाकून कुणीतरी ती जोरजोरात हलवावी असा आवाज बॉनेटखालून यायचा. मोजून चार सेकंद. पण त्या चार सेकंदांत आमची म्हैस पान्हा चोरायची, कोंबडी अंडं दुपारवर ढकलायची आणि तिकडं शिरूरच्या पुलावर उभी असलेली माणसं म्हणायची, ‘निघाली बघा निमोण्याची बाई ड्युटीला.’ मी वाढवून सांगते असं घरातले म्हणतात. आवाज त्यांनीही ऐकलाय, तरी म्हणतात.

मी तेव्हा कारेगावजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. पहिली पाळी सकाळी सातला. त्या वेळेला गावातून एसटी नव्हती, आणि वडापवाला माणसं भरेपर्यंत हलायचा नाही. म्हणून जीप. जीप माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची. त्यांनी ती निवडणुकीच्या हौसेनं घेतली, निवडणूक संपली आणि ती गोठ्याशेजारी शेळ्यांना सावली देत उभी राहिली. मी तिला तिथून बाहेर काढली. चालवायची मी, धुवायची मी, ऑइल बदलायची पण मीच. माझे बाबा दौंडला रेल्वेत फिटर. कॉलनीतल्या इतर पोरी ठिक्कर खेळायच्या, तेव्हा मी बाबांजवळ बसून पाने आकाराप्रमाणे लावायचे. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल पाहून मला कधी किळस आली नाही. सासरी मात्र सगळ्यांना आली, आणि ती माझ्याबद्दल आली.

आता खरं सांगते, कारण पुढं कुणीतरी सांगेलच. त्या आवाजाला कारण मीच होते.

सर्व्हिसिंगचा दिवस उजाडला आणि शिरूरच्या दुकानात जीपचा ऑइल फिल्टर संपलेला. घरी फळीवर ट्रॅक्टरचे दोन कोरे फिल्टर पडलेले. आमच्याकडं वस्तूंना जात नसते. ट्रॅक्टरची बॅटरी जीपला, जीपचा जॅक बैलगाडीला, मोटरचा पट्टा कडबाकुट्टीला. ‘आटे बसले की झालं,’ हा आमच्या तालुक्याचा कायदा. मी ट्रॅक्टरचा फिल्टर जीपला लावून पाहिला. आटे असे बसले की लोण्यात सुरी. रबराची रिंगही बरोबर टेकली. इंजिन चालू केलं, थेंब गळला नाही. मी हात धुतले आणि विमान दुरुस्त केल्याच्या तोऱ्यात भाकरी खायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागरीत खिळे.

आप्पांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. शंभरांत कुठलं मेंढरू आजारी आहे ते डोळे मिटून खोकल्यावरून ओळखायचे. त्यांनी बॉनेटवर कान टेकला, मला किल्ली फिरवायला सांगितली आणि मान हलवली.

“ढास लागलीय. मरतंय हे.”

मग शिरूरचा मिस्त्री आला. त्यानं पान्याला हातही लावला नाही, नुसता कमरेवर हात ठेवून आवाज ऐकला.

“बेअरिंगं गेली आप्पा. इंजिन उघडाय लागतंय. बाईमाणसाच्या हातात पाना दिला तवाच म्या म्हणलं व्हतं.”

“मला तर कधी म्हणाला नाहीत मामा,” मी म्हटलं.

“तुम्हाला कशाला म्हणू? आप्पांना म्हणलं.”

“मला बी न्हाई म्हणलास,” आप्पा म्हणाले. पण निकाल द्यायचा तो त्यांनी दिलाच. बाजाराच्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक येणार, असेल तशी जीप देऊन टाकायची. “आन् सूनबाई, आता नोकरी बी राहू दे. घरात काय कमी हाय तुला?”

जीपसोबत माझी नोकरी इतक्या सहज निघाली, जशी पोत्यासोबत सुतळी जाते. मी उभी राहिले.

“आप्पा, बाजाराच्या दिवशी सकाळी आवाज आला नाही तर?”

“न्हाई तर काय?”

“तर जीप विकायची नाही, नोकरीचं नाव काढायचं नाही, आणि जीपला माझ्याशिवाय कुणी पाना लावायचा नाही.”

“आन् आला तर?”

“तर किल्ली मी स्वतः तुमच्या हातात देईन.”

आमच्या ह्यांना नेमकं त्याच क्षणी कांद्याच्या चाळीत काहीतरी विसरल्याचं आठवलं.

सुट्टीच्या दिवशी मी जीप काढली ती थेट दौंड. बाबा क्वार्टरच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकून पाहिलं आणि कप खाली ठेवला.

“हा फिल्टर कुणाचा?”

“ट्रॅक्टरचा. आटे तेच आहेत बाबा.”

“सासऱ्याची चप्पल तुझ्या पायात बसली म्हणून तुझी झाली का?”

एवढंच. पुढं काही सांगायला ते तयार नाहीत. “गाडीच्या पुस्तकातला नंबर बघ, तोच फिल्टर आण, दोन्ही शेजारी ठेव आणि डोळे वापर.” मी स्टेशनाजवळच्या दुकानातून नंबर जुळवून फिल्टर आणला. जीपला लावलेला ट्रॅक्टरचा उतरवला आणि दोन्ही ओट्यावर उपडे, उताणे, आडवे करून पाहिले. रंग सोडला तर जुळी भावंडं. कडेनं बारीक भोकं, मध्ये एक मोठं आट्यांचं. मग मी केसातला आकडा काढला आणि बारीक भोकांत खुपसला. ट्रॅक्टरच्या फिल्टरमध्ये तो सरळ आत गेला. जीपच्या फिल्टरमध्ये काहीतरी मऊ लागलं. रबराची पाळ. दाबली की आत जायची, सोडली की भोकं बंद करायची.

मी जीपखाली पाहिलं. फिल्टर बसायची जागा आडवी. डोळ्यांपुढं ट्रॅक्टर आणला. त्याचा फिल्टर सरळ खाली लोंबतो, तोंड वर. त्यातलं तेल जाणार कुठं? माझ्या जीपमधलं मात्र रात्रभरात बारीक भोकांवाटे परत इंजिनाच्या तळाशी जाऊन बसत होतं आणि सकाळी इंजिन चार सेकंद कोरडं फिरत होतं.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं!”

“मला माहीत असून काय उपयोग? निमोण्याला मी येणारे का रोज सकाळी?”

नवा फिल्टर मी तिथंच लावला. रिंगेला बोटानं ऑइल फासलं, हातानंच आवळला, कमी पडलेलं ऑइल भरलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी अंगणात आप्पा, मिस्त्री आणि न्हावऱ्याकडचं गिऱ्हाईक हजर. मी आवाजाचं नावच काढलं नाही. भंगारातून जीपचा जुना फिल्टर आणि तिच्यातून उतरवलेला ट्रॅक्टरचा, असे दोन्ही डिझेलनं भरले. दोन्हींच्या मधल्या भोकावर अंगठे दाबले आणि हात आडवे केले. ट्रॅक्टरच्या फिल्टरनं मिस्त्रीच्या नव्या चपलांवर डिझेल ओतलं. जीपच्या फिल्टरमधून एखादा थेंब आला असेल.

“अगं, ही तर पाण्याची पखाल हाय!” आप्पा पुढं झाले. “आडवी टाकायची तर तोंड बांधाय लागतंय. एवढं तर मेंढक्याला बी कळतं.”

“मेंढक्याला कळतं. मिस्त्रीला कळलं नाही.”

मिस्त्री चपला झटकत म्हणाला, “पर त्यो फिल्टर लावला कुणी व्हता?”

“मी. लावला मी, चुकले मी, शोधलं मी. तुम्ही मात्र इंजिन उघडून बसला असतात.”

मी किल्ली फिरवली. जीप अशी सुरू झाली की आधी कुणाला कळलंच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, “लावा की चालू.”

“चालूच हाय,” आप्पा म्हणाले, आणि पुन्हा बॉनेटवर कान टेकला. बराच वेळ. म्हैस धार देत होती हे मी शपथेवर सांगते.

गिऱ्हाईक खूश झालं. “आप्पा, आत्ता नेतो.”

“जीप इकायची न्हाई.”

“अवो, तुम्हीच निरोप धाडला व्हता!”

“तवा ढास व्हती.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आन् तू काय बघती? ड्युटी न्हाई का? सात वाजतील.”

मी गिअर टाकला. आप्पा खिडकीशी आले, आवाज खाली आणून म्हणाले, “ट्रॅक्टरचं ऑइल बी कवा बदलतीस? पर फळीवर एकच फिल्टर राह्यलाय. त्याला काय झालं बिलं तर जीपचा चालंल का?”

“आप्पा,” मी म्हटलं, “आटे तर बसतील.”

आणि जीप फाटकाबाहेर काढली.