जिवंत पोचला तो मासा

आमच्या गावाखाली पैनगंगा वळण घेते आणि त्या वळणात डोह आहे. अलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा, पलीकडचा मराठवाड्याचा. आम्ही ‘करून राह्यलो’ म्हणतो, ते ‘करायलाव’ म्हणतात, आणि दोघंही एकमेकांच्या बोलण्याला हसतात. पाण्याचा विषय निघाला की मात्र कोणी हसत नाही. डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड आहेत, सातआसरांचे. आम्ही सातही जणींना मिळून आसरामाय म्हणतो. तिच्या डोहात गळ टाकायचा नाही, जाळं फेकायचं नाही, हा जुना दंडक. त्यामुळेच नदीत दुसरीकडे कुठे न उरलेला सोनेरी खवल्यांचा मोठा मासा या एका डोहात तग धरून होता. पुस्तकात त्याला महाशीर म्हणतात. आमच्याकडे नुसता ‘मायचा मासा’.

दंडक माशांपुरता होता, पाण्याचं कोणी काही बोललं नव्हतं. आम्ही दोन्ही काठांवरून मोटारी लावून डोह उपसायचो. पलीकडचे रेती उचलायचे. वरच्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा आहे, ते आपल्या बंधाऱ्याच्या पाट्या घट्ट बसवून पाणी अडवायचे. उन्हाळ्यात डोहाचं डबकं व्हायचं. याची झळ सगळ्यात आधी लागली ती भोयांच्या मामाला. मामा आमच्या गावचा, खालच्या अंगाला मासेमारी करून पोट भरणारा. डोहातली पिल्लं पुरात खाली जायची, मोठी व्हायची, तीच त्याच्या जाळ्यात यायची. डोह संपला की त्याची नदी संपली, इतका सरळ हिशेब.

मामाच घरोघर फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी उन्हाळी भुईमुगाला पाणी देत होतो आणि माझी मोटार डोहातच होती. मी खेकसलोच त्याच्यावर. तो हलला नाही. म्हणाला, “भाऊ, मी दोन-तीन सालं नदीत जाळंच टाकत नाई. मजुरीले जातो. तुम्ही फक्त होळी झाली का मोटारी उचला. पोरं मोठी होऊ द्या मायची.” ज्याचं पोट जाळ्यावर, तोच जाळं गुंडाळून ठेवतो म्हटल्यावर बाकीच्यांना तोंड कुठे उरलं? आसरामायपुढे दोन्ही काठांनी आणि तांड्याने बेलभंडारा उचलला. होळीनंतर आमच्या मोटारी बाहेर, पलीकडची रेती बंद, तांड्याच्या पाट्या वेळेवर वर. माझा त्या वर्षीचा भुईमूग निम्मा वाळला. मी कुरकुर केली, पण शपथ मोडली नाही.

आणि डोह खरंच भरला. दुसऱ्या उन्हाळ्यात काठावर बसलं की खाली सोनेरी पाठ वळताना दिसायची. पलीकडचा सरपंच पाहुण्यांना घेऊन दाखवायला येऊ लागला. तांड्याचे नाईक म्हातारे, ते हात जोडून “याडी, याडी” म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मला तेव्हा अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

डोह भरला तशी आसरामाय नवसाला पावते अशी बोलवा झाली. माझ्या सख्ख्या काकूचा नातू तापाने फणफणला होता, डॉक्टर झाले, यवतमाळला नेऊन झालं. काकू मायपुढे बोलली, “पोरगं उठू दे, तुह्या डोहात जिवंत माशाची जोडी सोडीन.” पोरगा उठला. आधी बायका मायला खण आणि हिरव्या बांगड्या वाहायच्या, माशांना फुटाणे टाकायच्या. पण आता सगळं गाव माशांसाठीच झटत होतं, तेव्हा मासाच वाहावा असं काकूला वाटलं. त्यात तिचं काय चुकलं, मला अजून सांगता येत नाही.

मग डोह गप्प होऊ लागला. आधी बेडूक थांबले. पाणकोंबडीची पिल्लं काठच्या गवतात दिसायची, ती दिसेनात. धुणं धुताना बायकांच्या पायांना बारीक मासे येऊन गुदगुल्या करायचे, तेही येईनात. फुटाणे पाण्यावर तरंगत राहायचे आणि फुगून कुजायचे. मामा रोज संध्याकाळी काठावर बसायचा. पाण्यातून मधेच मोठा बुडबुडा यायचा, काळसर काहीतरी वर येऊन श्वास घेतल्यासारखं करायचं आणि बुडायचं. मामा म्हणायचा, “मोठे झाले न भाऊ, आता ते खोल बसते.” मी मान डोलवायचो.

वैशाखातल्या एका सकाळी मी बैल धुवायला उतरलो तर ओल्या गाळावर एक मासा चालत होता. शब्दशः चालत होता, पुढच्या परांवर रेटा देत. काळा, बुळबुळीत, मिशाळ, अंगावर एक खवला नाही. मी मामाला हाक मारली. त्याने वाकून पाहिलं. तो मासा ओळखायला शहाणपण लागत नाही. बाजारात टबात वळवळत असतो तो, मांगूर. परदेशी वाण, पाळायला सरकारची बंदी, तरी चोरून विकतात. समोर येईल ते खातो. पाणी आटलं तरी गाळात शिरून दिवसेंदिवस जिवंत राहतो.

“कोणं सोडला ह्यो?” मामा ओरडला. गलका ऐकून काकू घागर घेऊन तिथेच आली होती. ती हसून म्हणाली, “म्या सोडला न. नवसाचा हाय.”

मागे उभ्या बायकांतली एक म्हणाली, “म्या बी सोडले.” दुसरी म्हणाली, “माह्या सुनेनं सोडले, पोराच्या वक्ती.”

मग सगळं कळलं. बाजारातून मासा आणायचा म्हणजे डबा घेऊन एसटीत बसायचं, उन्हातान्हात तासभर. कटला घेतला, रस्त्यात मेला. रोहू घेतला, फाट्यावर उतरेपर्यंत उलटा. एकच मासा डब्यात तळाला थोडं पाणी असलं तरी टुणटुणीत राहायचा. काकूने सरळ अर्थ लावला होता, “जो जित्ता पोचला, तोच मायले पसंत.” आणि एकीचं पाहून दुसरीने तोच नेला. देवीची पसंती म्हणून बायकांनी नेमका तो मासा निवडून निवडून, हळदकुंकू लावून, आमच्या डोहात सोडला होता. मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला.

दोन्ही काठ आणि तांडा पुन्हा मायपुढे बसले. पूर आला की मांगूर अख्ख्या नदीभर होणार, म्हणून त्याआधी डोह कोरडा करायचा, असं ठरलं. ज्या मोटारी आम्ही शपथ घेऊन उचलल्या होत्या, त्याच शपथ घेऊन पुन्हा टाकायच्या. पलीकडचा सरपंच हताश होऊन म्हणाला, “काय करायलाव आपण, काही कळंना झालंय.” त्याच्या बोलण्याला आमच्यातला कोणी हसला नाही.

बायका आडव्या आल्या. काकू पाइपावर बसली. म्हणाली, “बाकीचे न्या, माही जोडी राहू द्या. माह्या नातवाचा जीव हाय त्यात.” मी समजावलं, चिडलो, हातही जोडले. ती एवढंच म्हणाली, “तुले मासा दिसते. मले तं पोरगंच दिसते बाप्पा.” शेवटी तिच्या लेकाने तिला धरून घरी नेलं. जाताना तिने मागे वळून पाहिलं, ते माझ्याकडे नव्हे, पाण्याकडे.

मोटारी सुरू झाल्या. पाणी उतरत गेलं तशा काळ्या पाठी दिसू लागल्या, आधी पाच-दहा, मग गिनतीच नाही. मामाने किती तरी दिवसांनी जाळं हातात घेतलं होतं. ओढलं की मांगूर, पुन्हा ओढलं की मांगूर. सोनेरी खवल्यांचे मासे निघाले ते एका पाटीत मावतील एवढे, त्यातही शेपट्या कुरतडलेले. मामाने ते हातावर झेलत तांड्याच्या पिण्याच्या हौदात नेले. नाईकांनी हौदावर पाइपाची धार चालू ठेवली आणि तांड्याच्या बायांनी तक्रार न करता दूरच्या विहिरीवरून पाणी आणलं. तरीही काही मासे मेलेच. मांगूर आम्ही खड्डा खणून पुरले. ते लवकर मरत नाहीत. मातीखालून बराच वेळ सळसळ येत होती आणि आम्ही एकमेकांशी उगाच पिकापाण्याचं बोलत होतो.

त्याच आठवड्यात काकूच्या नातवाला पुन्हा ताप आला. साधा होता, उतरलाही. पण काकू माझ्याशी बोलायची बंद झाली. समोरून आलो की पदर ओढून वाट बदलायची. ताप साधा होता हे मला माहीत होतं, तरी दर सकाळी मी त्या पोराच्या खेळण्याचा आवाज येतो का ते ऐकायचो. भीती अशी शिवते.

पूर आला, ओसरला, डोह काठोकाठ भरला. पाणी निवळल्यावर मामाने हौदातले उरलेले मासे पाटीत आणले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून एक-एक सोडला. दोन्ही काठ गोळा झाले होते. आता हेच बियाणं, आणि यावरच त्याची नदी. शेवटचा मासा सोडताना मामाचे ओठ हलत होते. सोनेरी पाठ एकदा चमकली आणि खाली गेली. मला रडू आलं, मी डोळे पुसलेही नाहीत.

काकू मागे एकटी उभी होती, नातवाला कडेवर घेऊन. डोहाच्या मधोमध एक मोठा बुडबुडा आला. काळसर काहीतरी वर आलं, त्याने हवा घेतली आणि ते शांतपणे बुडालं. मामा पाण्यातच होता, रिकामी पाटी हातात. तो वळला नाही.

काकूने पोराला खाली ठेवलं, त्याचे दोन्ही हात धरून जोडायला लावले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. आनंदाने तिचा आवाज कापत होता. “पाह्यलं का रे? माहा हाय. मायनं ठेवला.”