गाळलेलं पान

प्रतिभाबाईंचा दरारा असा, की मखमलाबाद रोडवरचा भाजीवाला त्यांना लांबून बघूनच गवारीतल्या निबर शेंगा बाजूला काढायला लागतो. श्रावणात कॉलनीच्या मंदिरात पोथी त्याच वाचतात. ओवी गाळणं त्यांच्या स्वभावात नाही. कोणी पेंगलं तर चष्म्यावरून बघतात आणि मागची ओवी पुन्हा घेतात.

अशा बाईंनी नववीच्या वर्गात अख्खं पान गाळलं, ही बातमी कॉलनीत पोचायला कितीसा वेळ लागणार?

शनिवारच्या अवांतर वाचनाच्या तासाला त्या एक कादंबरी वाचून दाखवत होत्या. द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या सुनेची गोष्ट. घरातला दीरच तिच्या अंगावर हात टाकतो, तिथवर आल्यावर बाईंनी पान उलटलं. "हे पान सोडून देऊ," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. झालं. पोरांनी लायब्ररीतली प्रत काढली, नेमक्या त्याच पानाचा फोटो घेतला आणि ग्रुपवर फिरवला.

सोमवारी झेंडूवाले कोंडाजी आजोबा हेडमास्तर किशोर सरांपुढे येऊन बसले. नात सृष्टी त्याच वर्गात. तिचे वडील अंबडच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला, म्हणून तक्रारीला आजोबा.

सरांनी बाईंना बोलावून घेतलं. "पुस्तक बंद करा आणि पुन्हा असलं वाचणार नाही, असं लिहून द्या. विषय मिटवून टाकू."

बाईंनी पेन उघडलंही.

"थांबा बाई," कोंडाजी म्हणाले. "तुमच्या पोथीला मी बसतो. तिथं काय सोडत नाय तुम्ही. मग हितं का सोडलं?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

"तुमचीच की."

सर हसले. कोंडाजी हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सृष्टीनं मला ते पान वाचून दाखवलं. म्हणाली, आजोबा, हिनं कोणाला सांगायचं? मला काय सांगता येईना. लय राग आला. मला वाटलं, पुस्तकाचाच आला."

"मलाही सांगता आलं नसतं," बाई हळू म्हणाल्या. "म्हणून तर पुढे गेले."

"मग नीट वाचा. आता बंद केलं, तर पोरी परत विचारायच्या नाय."

"आजोबा, तक्रार तुमचीच आहे ना?" सर गोंधळले.

"हाय ना. पान गाळल्याची धरा. शनिवारी मी बी येऊन बसतो. बाकीचे पालक आले तर सांगा, कोंडाजी वर्गात बसला होता."

सरांनी एका शनिवारची परवानगी दिली. अंगाशी आलं तर बाईंनी निस्तरायचं, या बोलीवर.

शनिवारी कोंडाजी मागच्या बाकावर गुडघे आखडून बसले. त्यांना बघून दोघंतिघं फिदीफिदी हसली. बाईंनी ते पान वाचायला घेतलं. दोनदा आवाज चिरकला, दोनदा त्या मागच्या ओळीवर आल्या. हसणं केव्हाच थांबलं होतं.

सृष्टीनं हात वर केला. "बाई, हिनं कोणाला सांगायचं?"

"घरी ऐकणारं कोणी नसेल, तर मला," बाई म्हणाल्या. "मी ऐकेन. आणि पुढे काय करायचं ते मी बघेन."

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला. खिडकीजवळच्या बाकावरची पायल मात्र तशीच बसून राहिली, दप्तर पोटाशी धरून, मान खाली.

बाईंनी खुर्ची उचलून तिच्या बाकाजवळ नेली. कोंडाजींनी एकदा तिकडे बघितलं. मग टोपी घालून बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि कोणी आत जाऊ नये म्हणून तिथेच उंबऱ्याबाहेर उभे राहिले.