छाती चाळीस

छातीभोवती टेप गुंडाळली की मास्तर आधी एकवार रस्त्याकडे बघत आणि मग खणखणीत आवाजात सांगत, "छाती चाळीस." आकडा लिहून घ्यायला दुकानात कुणीच नसे. एकट्याचं दुकान. आकडा रस्त्यासाठी असायचा. खरं माप ते मनात धरत आणि गिऱ्हाईक गेल्यावर खडूने गुपचूप कापडावर उतरवत.

परभणीत कचेरीच्या रस्त्यावर त्यांच्या दुकानाला लागूनच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. निजामाचं राज्य. कचेरीत शेरवानी आणि रुमी टोपी चाले, पण लग्नकार्याला, फोटो काढायला शिकल्यासवरल्या लोकांना सूटच हवा असे, आणि तो मास्तरांनीच शिवलेला. स्वतः मास्तर जन्मभर धोतर-बंडीत राहिले. तुम्हीही हुशार शिंपी पुष्कळ पाहिले असतील. इतका खोटारडा शिंपी मात्र पाहिला नसेल.

ताडकळसच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा लग्नाचा सूट शिवायला आला. अंगाने अगदी काडी. "छाती अडतीस," मास्तर ओरडले. पोरगा जो ताठ झाला तो हार घालून घेतानाही वाकला नाही. नवरीला टाचा उंच कराव्या लागल्या. बोरीचे एक जमीनदार होते, त्यांच्या पोटाला टेप पुरताना मारामार. "कंबर छत्तीस," मास्तर म्हणाले, आणि जमीनदारांनी खुशीत आणखी एक पाटलोन तिथल्या तिथे शिवायला टाकली.

मी एकदा विचारलं, "मास्तर, एवढं खोटं कशाला बोलता?"

"खोटं कुठं, घडीसाज? आकडा ऐकला की मानूस सरळ उबा ऱ्हातो. मंग मला माप घ्यायला बरं पडतं."

माझे थोरले भाऊ तहसील कचेरीत कारकून होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांच्या मुलीला बघायला नांदेडची मंडळी यायची होती. आणि त्याच वर्षी पोटाच्या दुखण्याने दादांना आतून पोखरून काढलं. खंगलेला बाप दिसला की रोगी घराणं म्हणून लोक चहा न घेता उठून जात. पोरीचं लग्न डोळ्यांदेखत व्हावं, एवढंच दादांना हवं होतं.

माझा हात धरून ते मास्तरांच्या दुकानाची पायरी चढले. निळ्या सर्जचं कापड काखेत होतं. मास्तरांनी टेप लावली. टेपचं उरलेलं टोक केवढं लोंबत होतं, ते मला दिसलं. मास्तरांनी रस्त्याकडे पाहिलं.

"छाती अडतीस. मागल्या खेपंला व्हती तेवडीच हाय, दादासाहेब."

"खरं सांगायलाव का?" दादांनी विचारलं.

"मी बोलंन खोटं. टेप कशाला बोलंल?"

दादा कितीतरी दिवसांनी हसले. त्यांना उघड्या गळ्याचा कोट हवा होता. मास्तरांनी त्यांच्या मानेकडे न बघताच सांगितलं, "हैदराबादेत आता समदे बंद गळाच घालायलेत. लय फ्याशन हाय."

नांदेडची मंडळी आली, तेव्हा दादा त्या कोटात भरल्या अंगाचे दिसत होते. तासभर ताठ बसून बोलले. पसंती झाली, लग्नही लगोलग उरकलं. ही फसवणूकच, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पोरगी सुखाने नांदली, आणि मला त्या कोटाबद्दल आजही मास्तरांचे पाय धरावेसे वाटतात.

उन्हाळा लागायच्या आत दादा गेले. काही महिन्यांनी वहिनी कोट घेऊन दुकानात आल्या. मीही बरोबर होतो.

"मास्तर, हा कोट भाऊजींना बसंल असा करून द्या. पेटीत ठेवून कसर लागायलीय."

"ऱ्हाऊ द्या वैनी. सर्ज हाय, उसवलं की खुना दिसत्यात."

"दिसू द्या. घरात कुणीतरी घालावा."

मास्तरांचा नाइलाज झाला. त्यांनी अस्तर उसवलं. आतून कॅनव्हासचा एक थर निघाला, मग दुसरा, आणि त्यांच्यामध्ये हाताने टाचलेला कापूस. मेजावर ढीग झाला आणि कोट अगदी चपटा पडला. वहिनी त्या ढिगाकडे बघत राहिल्या. त्या दादांना रोज पाहत होत्या. रोज पाहणाऱ्याला माणूस झिजलेला कळत नाही.

"थंडीसाटी घातला व्हता," मास्तर पुटपुटले.

"मास्तर, त्यांचं खरं माप किती होतं?"

मास्तरांनी सवयीने रस्त्याकडे पाहिलं. मग ते खाली बसले आणि त्यांनी सांगितलं. इतक्या हळू आवाजात त्यांनी कुणाचं माप सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आकडा मला ऐकू आला. तो मी इथे लिहिणार नाही.

वहिनींनी डोळे पुसले. "हे होतं तसंच परत भरा," त्या म्हणाल्या. "भाऊजींसाठी काही करू नका."

मास्तरांनी मशिनला हात लावला नाही. दोन दिवस बसून सगळं हातानेच भरलं.

मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वहिनीही गेल्या. कोट माझ्याकडे आहे. बाहेरून तो चांगला भरदार दिसतो. अधूनमधून मी तो अंगात घालून बघतो, पण त्याची बटणं काही मला लागत नाहीत.