अर्ध्या घराची चावी

जेमायमा कीनो आमच्या वस्तीच्या कौन्सिलवर निवडून आली ती एकाच वाक्यावर. "माझ्या घरच्या माणसाला रांग मोडून घर दिलं, तर मला तळ्यात ढकला." आमच्याकडे भाषणं कुणी ऐकत नाही, पण हे ऐकलं. तिच्याआधी घरांचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांचे भाचे-पुतणे तेवढे कोरड्या भिंतींत झोपत होते.

घरांचं काम म्हणजे खरं तर नाही म्हणायचं काम. राजधानीतलं सरकार म्हणतं, आता तुमचा कारभार तुमच्या हातात. मग वर्षाकाठी एखादं घर पाठवतं आणि बाजूला उभं राहून आमची भांडणं बघतं. सरकारला शिव्या घालायच्या तर विमानाचं तिकीट काढावं लागतं. जेमायमा दुकानाच्या दारात रोज भेटते. शिव्या तिलाच पडतात.

आल्या आल्या तिने एक नियम केला. जो रिझर्व्ह, म्हणजे आम्हा आदिवासींसाठी राखून ठेवलेली ही वस्ती, सोडून सहा महिने बाहेर राहील, त्याचा घराच्या रांगेतला नंबर गेला. त्यात पहिला सापडला तो मॉर्डेकायचा भाऊ. मॉर्डेकाय आमच्याकडे रस्त्यावरचं बर्फ हटवणारा नांगर चालवतो आणि तोंडही तसंच चालवतो.

"भाऊ कामासाठी गेलाय शहरात, मजा मारायला नाही," तो म्हणाला.

"काम असो नाहीतर मजा. इथं लोक ओल्या भिंतीला पाठ लावून झोपतायत."

"तुझ्या घरात कुणाला बाहेर जावं लागलं नाही अजून. म्हणून जीभ चालते तुझी."

जेमायमाने ते मनावर घेतलं नाही. तिचं स्वतःचं घर काही बरं नव्हतं. दोन मुलांचे संसार, मुलगी टेसी, टेसीची पोरं, सगळे त्याच छताखाली. भिंतींवर काळी बुरशी. दर शनिवारी जेमायमा ब्लीचने भिंत घासायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत ती पुन्हा काळी व्हायची. सगळ्यात जास्त काळी रूबीच्या पलंगामागे. रूबी टेसीची धाकटी. ती रात्रभर खोकायची, आणि तो खोकला घरातला प्रत्येक जण जागा राहून ऐकायचा.

त्या हिवाळ्यात एक घर मंजूर झालं. रांगेत पहिला म्हातारा अनानियास, त्याच्यामागे टेसी, टेसीच्या मागे मॉर्डेकाय. घर अनानियासला मिळालं. टेसी त्या रात्री आईशी बोलली नाही.

आमच्याकडे घर येतं ते दोन तुकड्यांत, दोन मोठ्या गाड्यांवर, गोठलेल्या तळ्यांवरच्या हिवाळी रस्त्याने. त्या वर्षी थंडी उशिरा आली आणि लवकर गेली. पहिली गाडी पोचली. दुसरी शेवटच्या तळ्याच्या काठाशी आली तेव्हा बर्फावर पाणी उभं होतं. ड्रायव्हर खाली उतरला, बघितलं आणि म्हणाला, मलाही पोरं आहेत. अर्धं घर पलीकडच्या काठावर उतरवून तो निघून गेला.

आलेल्या अर्ध्यात स्वयंपाकघर आणि न्हाणी. झोपायच्या खोल्या तळ्यापलीकडे. उघड्या बाजूला प्लायवूड ठोकलं, वर प्लास्टिक ताणलं, आणि अनानियास चुलीशेजारी गादी टाकून राहू लागला.

"झोप आली की होडी काढतो," तो दुकानात सगळ्यांना सांगायचा. "बेडरूम जरा लांब पडते."

जेमायमाने राजधानीत फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलला. या वर्षीचं घर तुम्हाला दिलेलं आहे, म्हणाला. त्यात कुणी राहायचं हा तुमचा अधिकार, त्यात आम्ही ढवळाढवळ करणार नाही.

मग एक दिवस अनानियासच कौन्सिलच्या ऑफिसात आला.

"पोरी, हे अर्धं घर टेसीला दे. भिंती कोरड्या आहेत. त्या लहानगीला कोरडी हवा पाहिजे. मी पुतण्याकडे पडून राहीन."

"नाही काका. घर सोडलं की तुमचा नंबर शेवटी जातो."

"जाऊ दे. माझा शेवट काही फार लांब नाही."

"आणि लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याला हाकलून मुलीला बसवलं."

"म्हणतीलच. आत्ता काय आरती ओवाळतायत तुझी?"

ती नाहीच म्हणाली. हे तिचं इमान होतं की लोकांची भीती, हे तिला तेव्हा कळलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही.

जूनमध्ये रूबीचे ओठ निळे पडले. दवाखान्याचं विमान आलं आणि टेसी दोन्ही पोरांना घेऊन चढली. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, त्या घरात परत न्यायचं नाही. टेसी तिथेच एका खोलीत राहिली.

पानं गळायच्या दिवसांत अनानियास गेला, त्याच स्वयंपाकघरात. फेब्रुवारीत बर्फ धरलं आणि दुसरं अर्धं आलं. वर्षभर उघड्यावर राहून ते फुगलं होतं. दोन्ही अर्धी जोडली तर मध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट. ती मॉर्डेकायने फोम भरून बुजवली. घर उभं राहिलं, कोरडं आणि रिकामं.

टेसीचा फोन आला. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"आई, माझाच नंबर ना आता? आम्ही येतो. रूबी बरी आहे, पण इथं कुणी हाक मारायला नाही गं. शेजारीण जिन्यात दिसली की दार लावून घेते."



"टेसी, सहा महिने होऊन गेले."

"म्हणजे?"

"बाहेर राहिलं की नंबर जातो."

"मी काय हौसेनं बाहेर राहिले? कुणी केला असला नियम?"

"कौन्सिलनं."

"कौन्सिलमधल्या कुणी, आई?"

 उत्तराची वाट न बघता टेसीने फोन ठेवला. तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मॉर्डेकाय ऑफिसात आला. खुर्चीत न बसता दाराशीच उभा राहिला.

"भावाचा नंबर गेला तेव्हा मी तुला काय काय बोललो," तो म्हणाला. "आज सगळं परत बोलायचं ठरवून आलो होतो."

"मग बोल."

"नाही बोलवत." त्याने टोपी काढली. "वाकव नियम. बोलाव पोरीला. मी गप्प बसेन, आणि मी गप्प बसलो तर बाकीचेही बसतील."

जेमायमाला त्याचा राग आला. तो हसला असता, टोचून बोलला असता, तर चावी त्याच्या अंगावर फेकून ती मोकळी झाली असती. आता तिला स्वतःच ठरवावं लागत होतं.

"तुझा मोठा मुलगा अजून खोकतो?" तिने विचारलं.

मॉर्डेकायने खाली बघितलं. "थंडीत जास्त."

तिने खणातून चावी काढून त्याच्या हातात ठेवली. तो उपकार म्हणाला नाही, आणि तिलाही ते ऐकायचं नव्हतं. तो गेल्यावर ती टेबलाशी बसून रडली, आणि सगळ्यात जास्त रडू तिला आलं ते अनानियासच्या अर्ध्या घराला नाही म्हटल्याचं.

मॉर्डेकायची पोरं त्या घरात राहायला गेली तो शनिवार होता. घरी आल्यावर जेमायमाने बादलीत ब्लीच ओतलं, रूबीचा पलंग ओढून बाजूला केला आणि मागची भिंत घासायला घेतली. त्या पलंगावर आता कुणी झोपत नव्हतं.